कच्चा नियम आणि चालू कॅम्पेन: सांगलीतल्या एका टेबलाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

सांगलीत विश्रामबागेत, एका दुकानाच्या माडीवर, एक रविवार आड आम्ही पाच जण डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा एकेक पात्र घेऊन, फासे टाकत गोष्ट पुढे नेण्याचा खेळ खेळतो. हे प्रकरण, म्हणजे एकीला अजून न छापलेल्या कच्च्या नियमांवर पात्र चालवू देण्याचं, २०२३ च्या उन्हाळ्यात सुरू झालं आणि २०२४ च्या अखेरीला मिटलं. नावं कुणाचीच देत नाही; कोण कुठला क्लास (पात्राचा प्रकार) चालवतो त्यावरूनच माणसं ओळखा. फायटर (योद्धा) चालवणारा मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर बसतो. मंक (मुठींनी लढणारं पात्र) चालवणारी मुलगी गावभागातली, तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. वॉरलॉक (मंत्र टाकणारं पात्र) चालवणाऱ्या ताई मिरजेत औषधांच्या दुकानात काम करतात. क्लेरिक (मंत्रांनी जखमा भरणारं पात्र) माझा. डीएम, म्हणजे डन्जन मास्टर, गोष्ट चालवणारा आणि नियमांचा निवाडा करणारा, पेशाने इंजिनिअर, आणि आमच्यात नियमांचं वाचन सगळ्यांत जास्त त्याचंच.

सांगलीत हा खेळ नवीन माणसाला समजावून सांगायला फार त्रास पडत नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथे पहिलं नाटक केलं, तेव्हा सूत्रधार पदं म्हणायचा आणि पात्रं आपले संवाद ऐनवेळी रचायची. डीएम नवख्याला तेवढंच सांगतो आणि फासे हातात देतो.

आमचं कॅम्पेन, म्हणजे अनेक साहसांची लांब चालणारी कथा, २०१४ च्या नियमांवर चालू होतं. त्याच काळात प्रकाशक, म्हणजे विझार्ड्स ऑफ द कोस्ट, नव्या नियमपुस्तकाचे कच्चे मसुदे एकेक करून लोकांपुढे ठेवत होता. ऑगस्ट २०२२ पासून ही पॅकेट येत होती. पॅकेट उतरवून घ्यायचं, आपल्या टेबलावर खेळून बघायचं आणि सर्वेक्षणात मत नोंदवायचं, अशी ती पद्धत. प्रत्येक पॅकेटवर स्पष्ट लिहिलेलं असे की हा मसुदा आहे, खेळाचा अधिकृत भाग नाही, बदलू शकतो.

अडचण

ताईंची तक्रार जुनी होती. २०१४ च्या नियमांत वॉरलॉककडे स्पेल स्लॉट, म्हणजे मंत्र टाकायच्या संधी, मोजकेच असतात. पाचव्या लेव्हलला (पात्र अनुभवाने चढतं ती पायरी) दोन. दोन्ही तिसऱ्या पातळीचे, म्हणजे जोरकस, आणि शॉर्ट रेस्ट घेतली की ते परत भरतात. विझार्डला किंवा माझ्या क्लेरिकला त्यासाठी लॉन्ग रेस्ट, म्हणजे खेळातल्या आठ तासांची विश्रांती लागते, वॉरलॉकला शॉर्ट रेस्ट, म्हणजे खेळातल्या तासाभराचा विसावा पुरतो. पुस्तकातली मांडणी अशी आहे. आमच्या टेबलावर मात्र तो तास क्वचितच मिळे. सेशन तीन तासांचं, डीएमची कथा कायम घाईची: कुणाचा तरी पाठलाग, कुणाला तरी उजाडायच्या आत सोडवायचं. ताई पहिल्या चकमकीत दोन मंत्र टाकायच्या आणि उरलेला रविवारभर स्लॉट न लागणारा एल्ड्रिच ब्लास्ट हा साधा मंत्र मारत बसायच्या.

"दोन गोळ्या दिल्या की माझं दुकान बंद," असं त्या म्हणायच्या.

एप्रिल २०२३ च्या पॅकेटमध्ये नेमका वॉरलॉक बदलला होता. त्याला पॅलाडिन या क्लाससारखे साधे स्लॉट दिले होते: पाचव्या लेव्हलला पहिल्या पातळीचे चार, दुसऱ्या पातळीचे दोन, आणि सगळे लॉन्ग रेस्टवरच भरणारे. वरच्या पातळीचा मंत्र हवा असेल तर त्यासाठी मिस्टिक आर्केनम नावाचं इन्व्होकेशन (वॉरलॉकला निवडता येणाऱ्या मोजक्या खास शक्तींपैकी एक) खर्च करावं लागे. ताईंनी ते वाचलं आणि पाचवी लेव्हल चढताना माझा वॉरलॉक या मसुद्यावर चालवू द्या, अशी मागणी केली.

मागणी साधी दिसत होती. एका माणसाचं एक पात्र, आणि त्यातही एकच क्लास बदलायचा.

समोरचे पर्याय

डीएमने घाई केली नाही, हे मला आजही मोलाचं वाटतं. एक अख्खी संध्याकाळ आम्ही यावरच बोललो.

पहिला पर्याय सरळ नकाराचा. पुस्तक छापून येईपर्यंत थांबा. याच्या बाजूने डीएमकडे दाखले होते. मनःशक्तीवर चालणारा मिस्टिक हा क्लास २०१५ ते २०१७ मध्ये मसुद्यांतून तीनदा आला आणि शेवटी छापलाच गेला नाही. २०१६ चा सुधारित रेंजर हा क्लास अनेकांनी आवडीने खेळला, पण त्या रूपात तोही कधी पुस्तकात आला नाही. उलट आर्टिफिसर हा क्लास २०१७ मध्ये मसुदा म्हणून आला, दुरुस्त झाला आणि २०१९ मध्ये एबेरॉन या कल्पित जगाच्या पुस्तकातून पक्का झाला. मसुद्यावर पात्र बांधलं तर पुढे काय होईल हे सांगता येत नाही, एवढंच यातून निघत होतं.

दुसरा पर्याय वेगळ्या, एकाच बैठकीत संपणाऱ्या साहसात मसुदा वापरून बघायचा. मूळ कॅम्पेनला धक्का नाही. तिसरा, सगळ्यांनीच आपापल्या क्लासचे मसुदे घ्यायचे. तो लगेच बाद झाला. फायटरवाल्याने स्पष्ट सांगितलं की त्याला आहे तेच पुरे आहे आणि नवीन वाचायला हंगामात वेळ नाही. चौथा, फक्त ताईंना परवानगी, पण अटींवर.

दुसरा पर्याय मला तेव्हाही बरा वाटत होता. ताईंचं म्हणणं मात्र खोडून काढता येण्यासारखं नव्हतं: एका संध्याकाळच्या साहसात स्लॉट पुरतात की नाही हे कळत नाही, कारण सगळेच हात सोडून खर्च करतात. स्लॉट जपून वापरायची सवय लांबच्या प्रवासातच लागते. मग चौथा पर्याय ठरला.

काय ठरलं

एका कागदावर अटी लिहिल्या. कोणतं पॅकेट, कोणत्या महिन्याचं, हे वर लिहिलं. सेशनच्या मध्ये नियम बदलायचा नाही. एक साहस संपलं की आढावा घ्यायचा. मसुदा सोडायची वेळ आली तर पात्र तेच, आठवणी त्याच, फक्त शीट (पात्राच्या आकड्यांचा कागद) २०१४ च्या वॉरलॉकची. डीएमला कधीही थांबवायचा अधिकार. ताईंनी प्रत्येक सेशनला किती स्लॉट वापरले आणि किती नुकसान केलं याची नोंद ठेवायची.

कागद चांगला होता. दोन गोष्टी त्यावर नव्हत्या. मसुदा प्रकाशकानेच मागे घेतला तर काय, हे कुणी लिहिलं नाही. आणि आढाव्यात कुणाला विचारायचं हेही लिहिलं नाही. ताईंचा वॉरलॉक, म्हणजे ताईंना विचारायचं, असं सगळ्यांनीच धरलं.

पुढची सेशन्स छान गेली. ताईंकडे आता सहा मंत्र होते आणि त्या ते पुरवून पुरवून वापरू लागल्या. नोंदवही भरत होती. आढाव्यात डीएमने विचारलं, जमतंय का? ताई म्हणाल्या, जमतंय. फायटर आणि मंक काही बोलले नाहीत, कारण त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं.

पुराची मोहीम

ऑगस्टमध्ये डीएमने पुराचं साहस आणलं. सांगलीत पूर हा खेळण्याचा विषय आहे का, हे त्याने आधी प्रत्येकाला वेगळं विचारून घेतलं. मंकवालीच्या घरात २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी शिरलं होतं. ती म्हणाली, "चालतंय की. फक्त लोक वाचवायचे असू देत, बुडालेले मोजायचे नकोत." साहस त्याप्रमाणे बेतलं गेलं.

त्यातलं घड्याळ सांगलीच्या माणसाला वेगळं समजावून सांगावं लागत नव्हतं. आयर्विन पुलाजवळ पाणी चाळीस फुटांवर गेलं की इशारा आणि पंचेचाळीसवर धोका, हे इथे शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. डीएमने तेच आकडे आपल्या कल्पित नगराच्या पुलाला दिले. पहाटे पाणी ३६ फुटांवर, खेळातल्या दर तासाला एक फूट चढणार. चाळीसला बाजारपेठेच्या गल्ल्या जाणार. पंचेचाळीसला धान्यकोठाराचा खालचा दरवाजा पाण्याखाली जाणार, आणि कोठारात माणसं अडकलेली.

नऊ तास हातात. एक शॉर्ट रेस्ट म्हणजे एक फूट. लॉन्ग रेस्ट म्हणजे आठ तास, पाणी थेट ४४. मला हे गणित अजून आवडतं, कारण प्रत्येक विसाव्याला किंमत होती आणि ती किंमत सगळ्यांना समोर दिसत होती.

बेचाळीस फुटांवर आम्ही एका देवळाच्या ओवरीत पोचलो. दोन चकमकी झाल्या होत्या. फायटरची अ‍ॅक्शन सर्ज (एक जादा कृती) आणि सेकंड विंड (स्वतःची जखम भरणं), दोन्ही वापरून झालेली. मंकच्या खास हालचालींना लागणाऱ्या पाच 'की' पॉइंटांपैकी एकही शिल्लक नाही. या तिन्ही गोष्टी शॉर्ट रेस्टवर भरतात.

फायटर म्हणाला, "ताई, तासभर बसूया का?"

ताई म्हणाल्या, "कशाला रे? माझं बसून काही भरत नाही. अजून तीन स्लॉट आहेत माझ्याकडे. चल की पुढं."

माझ्या क्लेरिकलाही बसून फारसं मिळणार नव्हतं. दोन मतं इकडे, दोन तिकडे. डीएमने कौल दिला नाही, तो खेळाडूंचाच निर्णय होता. घड्याळ चालूच होतं, म्हणून आम्ही निघालो.

कोठारापाशी मंक दुसऱ्याच फेरीत शून्यावर जाऊन बेशुद्ध पडली. माझ्या शेवटच्या स्लॉटने तिला उठवलं. फायटर दर फेरीला दोन वार करत राहिला, त्याच्यापाशी दुसरं काहीच नव्हतं. दरवाजा उघडला, पण अर्धीच माणसं बाहेर निघाली आणि उरलेली वरच्या मजल्यावर अडकून राहिली. ताईंचा त्या दिवशीचा खेळ उत्तम झाला होता, नोंदवही ते दाखवत होती.

दोन दिवसांनी मंकवालीने कळवलं की पुढचे काही रविवार तिला जमणार नाही.

निर्णयाची जागा

इथे डीएमसमोर सोपा मार्ग होता. मसुदा रद्द करायचा, कागदावर अधिकार होताच. त्याऐवजी त्याने मंकवालीला फोन केला आणि विचारलं, पुरामुळे त्रास झाला का? ती म्हणाली, पुराचं काही नाही. "दादा, मागच्या चार-पाच वेळा मी अर्ध्या सेशननंतर नुसती मुठी मारतीय. आधी ताई बसायला मागायच्या, त्यांच्याबरोबर माझंही भरायचं. आता मागणारं कुणी नाही, आणि मी एकटी मागितलं की सगळे घड्याळाकडं बघतात."

हा फोन या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची घटना आहे असं मी मानतो. त्यातून पुढचा सगळा हिशोब उलगडला.

आमच्या टेबलावर शॉर्ट रेस्ट कमी मिळते ही अडचण तिघांची होती: वॉरलॉक, फायटर, मंक. त्यांतल्या ताईच मोठ्याने बोलणाऱ्या. दहा वेळा मागून त्यांना दोन-तीनदा तरी विसावा मिळे, आणि त्या दोन-तीन वेळांवर बाकीचे दोघे तगून होते. एप्रिलच्या मसुद्याने ताईंची गरज संपवली. गरज संपली तसं मागणं थांबलं. नियम बदलला एकीचा आणि झळ लागली दोघांना.

मग डीएमने कागदावर आकडे मांडले. डीएमसाठीचं २०१४ चं पुस्तक, डन्जन मास्टर्स गाइड, साहसाच्या एका दिवसात सहा ते आठ मध्यम किंवा कठीण चकमकी आणि साधारण दोन शॉर्ट रेस्ट धरतं. दोन विसावे मिळाले तर जुन्या वॉरलॉकला दिवसाला सहा स्लॉट मिळतात, आणि सहाही तिसऱ्या पातळीचे. मसुद्यातही सहाच, पण चार पहिल्या पातळीचे आणि दोन दुसऱ्या. विसावा एकही मिळाला नाही तर जुन्याला दोन, मसुद्याला सहा. म्हणजे पुस्तकाच्या हिशोबाने खेळणाऱ्या टेबलावर ताईंनी हा मसुदा हातातही धरला नसता. आमच्या टेबलावर तो औषधासारखा वाटला, कारण दुखणं वॉरलॉकचं नव्हतंच.

सप्टेंबरचं पॅकेट

आम्ही यावर बोलत होतो तोवर सप्टेंबर २०२३ चं पॅकेट आलं. त्यात वॉरलॉकची जुनी पद्धत परत आली होती, मोजके पण जोरकस, शॉर्ट रेस्टवर भरणारे स्लॉट. वर एक भर: मॅजिकल कनिंग, म्हणजे एका मिनिटाच्या विधीने निम्म्यापर्यंत स्लॉट परत, दोन लॉन्ग रेस्टच्या मध्ये एकदाच. ज्या एप्रिलच्या मसुद्यावर ताईंचं पात्र उभं होतं, तो प्रकाशकानेच सोडून दिला होता.

कागदावर याचं उत्तर नव्हतं. तीन वाटा होत्या. एप्रिलच्याच मसुद्यावर राहायचं, कारण सगळ्यांना तो आता पाठ झाला होता. सप्टेंबरच्या मसुद्यावर जायचं. किंवा २०१४ वर परत यायचं.

ताईंना सप्टेंबरचा मसुदा हवा होता आणि ते रास्तच होतं. त्यांची मूळ तक्रार त्यात ऐकलेली दिसत होती. डीएमने एक मुद्दा मांडला. विसाव्याची पद्धत तर आपण बदलणारच आहोत. त्याच दिवशी क्लासही बदलला तर पुढे खेळ सुधारला की बिघडला हे कशामुळे, ते कधीच कळणार नाही. आधी फक्त विसावा बदलू, वॉरलॉक २०१४ चा ठेवू, एक साहस खेळू. मग मॅजिकल कनिंग आणू.

ताईंनी मानलं, मनापासून नाही, पण मानलं. त्यांनी एक अट घातली: या वेळी आढाव्यात सगळ्यांना विचारायचं, आणि पहिला प्रश्न मंकला.

विसाव्यासाठी चिंचोके आले. साहसाच्या दिवसाच्या सुरुवातीला टेबलाच्या मध्यभागी दोन चिंचोके. कुणीही एक उचलावा, की शॉर्ट रेस्ट झालीच. मतदान नाही, समजूत घालणं नाही. खेळातल्या घड्याळाची किंमत मात्र द्यावी लागणार. पहिल्याच वेळी फायटरने दोन्ही चिंचोके दुपारच्या आत उचलले आणि संध्याकाळी सगळे कोरडे पडले. मग दुरुस्ती झाली: उचलणाऱ्याबरोबर आणखी एकाने "बसूया" म्हणायला हवं. एवढ्याने भागलं.

परिणाम

मंकवाली परत आली. तिला बोलावताना डीएमने नवा कागद आधी तिला पाठवला, हे मला विशेष वाटलं.

कोठाराच्या वरच्या मजल्यावर अडकलेली माणसं आम्ही पुढच्या साहसात काढली. त्या साहसात ताईंनी तिसऱ्या पातळीचे मंत्र दिवसात सहा वेळा टाकले आणि सेशननंतर नोंदवही बंद करून म्हणाल्या, "एवढंच हवं होतं मला." त्यानंतरच्या साहसात मॅजिकल कनिंग आलं. ताई ते फक्त अडचणीच्या वेळी वापरायच्या, जेव्हा चिंचोके संपलेले असायचे. कुणाचं काही बिघडलं नाही.

एक गोष्ट मात्र साधली नाही, आणि तिचं मला वाईट वाटतं. ताईंना आपला अनुभव प्रकाशकाला कळवायचा होता. सर्वेक्षण काही आठवडेच खुलं असतं. एक रविवार आड खेळणाऱ्या टेबलाचं एक साहस त्यात बसत नाही. आम्हाला सांगण्यासारखं काही कळलं तोवर विचारणारं कुणी उरलं नव्हतं. भारतात आमच्यासारखी, नोकरीधंदा सांभाळून खेळणारी टेबलं कमी नाहीत. चाचणी दीर्घ खेळाची असेल तर मुदतही तशी हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

सप्टेंबर २०२४ मध्ये नवं प्लेयर्स हँडबुक, म्हणजे ज्याचे मसुदे येत होते ते नियमपुस्तक, आलं. वॉरलॉकचे स्लॉट शॉर्ट रेस्टवरच राहिले, मॅजिकल कनिंग दुसऱ्या लेव्हलला पक्कं झालं. फायटरला सेकंड विंड सुरुवातीपासून दोनदा मिळाली आणि शॉर्ट रेस्टवर एक परत. चालू कथाभाग संपवून आम्ही सगळे एकदमच त्या पुस्तकावर गेलो.

वेगळं काय करता आलं असतं

मसुदा नाकारायलाच हवा होता, असं डीएम आता म्हणतो. मला ते पटत नाही. नकार दिला असता तर ताई दर रविवारी एल्ड्रिच ब्लास्ट मारत राहिल्या असत्या, आणि फायटर-मंकची उपासमार कुणाला दिसलीही नसती. मसुद्यामुळेच ती वर आली. चुकलं ते मोजमापात. नुकसान आणि स्लॉट यांची नोंद ठेवली, कारण ते मोजणं सोपं. विसावा कुणी मागितला, कुणाला मिळाला, कोण शेवटच्या अर्ध्या तासात फक्त फासे टाकत होतं, हे कुणी लिहिलं नाही.

मागणी आली त्या संध्याकाळी एक प्रश्न विचारता आला असता: ताई, तुम्हाला या मसुद्यातलं नेमकं काय हवंय? उत्तर आलं असतं, "सेशनभर काहीतरी करायला." मग पुढचा प्रश्न आपोआप निघाला असता, की हे अजून कुणाला हवंय. तीन हात वर झाले असते.

वेगळ्या एकदिवसीय साहसाबद्दल माझं मत थोडं बदललं आहे. त्यात स्लॉटची काटकसर कळत नाही, हे ताईंचं म्हणणं खरं. पण पुराच्या मोहिमेसारखं घड्याळ लावलेलं दोन बैठकांचं साहस, कॅम्पेनबाहेरच्या पात्रांनी, आधी खेळता आलं असतं. मंकचे पॉइंट तिथेही संपले असते आणि ओवरीतला तो संवाद तिथेच झाला असता.

आता आमच्याकडे मसुद्यासाठी दुसरा कागद आहे. त्यावर पॅकेटचा महिना असतो, परत फिरायची शीट आधीच भरून जोडलेली असते, आणि मसुदा प्रकाशकाने मागे घेतला तर चालू साहस संपेपर्यंत आपण तो पाळायचा, असं लिहिलेलं असतं. खाली सह्यांच्या जागी आधी त्यांची नावं येतात ज्यांचं पात्र बदलत नाहीये. मागच्या महिन्यात फायटरवाल्याने स्वतःच एक नवा मसुदा आणला. पहिली सही मंकवालीची होती, आणि तिने सहीआधी विचारलं, "यात तुझं बसणं कमी होणार की वाढणार?"